चुना

तीस वर्षं चुना लावतोय मी, नेरूळच्या मैदानावर.
हसा. माझा निदान दिसतो.
सुतळी, दोन खिळे आणि गुडघे.
हसुराम तांडेल, मुक्काम करावे.

महासंघाचे सात साहेब आले होते तपासणीला.
गवत कुणी वाकून पाहिलं नाही.
एकाने गोलपोस्टला टिचकी मारली
कलिंगड पारखावं तशी,
आणि मग थेट जेवण.

मला सांगितलं, खुर्चीखुर्चीवर पिशवी ठेव.
सहांत शाल, काजू, पितळी समई.
सातवी जड लागली.
समई किती जड असते ते कळतं मला,
घरी आहे एक, आईची.

त्याच सातव्याने निघताना विचारलं
दुभाष्याकरवी, हसत:
रेघ इतकी सरळ कशी येते?
म्हटलं, सुतळी ताणून धरायची साहेब,
दोन्ही टोकांना माणूस लागतो.
दुभाषा काय बोलला देव जाणे.
साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.
मऊ हात. करंगळीत हिरवा खडा.

काल नातीने फोनवर फोटो दाखवला.
परदेशातल्या कुठल्याशा कोर्टाची पायरी,
कोटाने तोंड झाकलेला माणूस.
खड्यावरून ओळखला.

आमच्या पोरांना कबूल केलेलं मैदान
खाडीकडच्या पत्र्यांआड आहे अजून.
पोरं पार्किंगमध्ये खेळतात, चपलांचा गोल करून.
नात गोलकीपर.
म्हणाली, आजोबा, पेनल्टीची रेघ मारून द्या ना.

बादली घेऊन गेलो.
वॉचमन म्हणाला, परवानगी आहे?
खिशात हात घातला,
पन्नासची नोट लागली बोटांना.

रेघ मारली.
जराशी वाकडी आली.