सात सेकंद आधी

नेरुळला आमच्या खिडकीत
निकाल आधी येतो, चित्र मागून.
मैदान दिसत नाही.
मध्ये दोन टॉवर, एक शाळा,
आणि त्यांच्या डोक्यावरून डोकावणारे दिवे.
त्या उजेडात आठ दिवस झाले
कुंडीतली अबोली रात्रीची झोपलेली नाही.

तिकडे हजारो गळे फुटतात
तेव्हा इकडे टीव्हीवर
गोलंदाज अजून चेंडू पुसत असते.
सात सेकंद. मी मोजलेत.
आम्ही सेक्टर सातमधले सात सेकंदांचे ज्योतिषी.

शहराचं म्हणाल तर
लग्न आमच्या घरचं
आणि बसायला जागा आम्हालाच नाही.
एलपीच्या पुलाखाली दोरीवर निळ्या जर्स्या:
मंगळवारी दीडशे, शनिवारी तीनशे,
आज सकाळी, "साडेचारशे. घ्यायची तर घ्या, मावशी."
मीही घेतली. पाठीवर कुणाचं नाव आहे
ते घरी आल्यावर बघितलं.
फळ्यावर सेक्रेटरी कुलथ्यांची सूचना,
पाहुण्यांच्या गाड्या आत येणार नाहीत.
खाली कुणीतरी खडूने विचारलंय,
आणि पाहुणे?

माझी पाहुणी मिरजेहून आली, रात्रीच्या बसने.
शलाका, भावाची मुलगी. चौदा वर्षांची, डावखुरी,
तिकडच्या नेटमध्ये सव्वीस पोरगे आणि ही.
तिकीट नाही.
"नुसती भिंतीबाहेर उभी राहीन, आत्या,"
असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं
रांग मोठी आहे, कळसाला हात जोडून येते.
तीन वाजता गेली. डबा विसरून.

संध्याकाळी बेबीताय मोकल
बोंबलाची पाटी घेऊन दारातच बसली.
आज गिऱ्हाईक नाही, सगळे टीव्हीसमोर.
"यां सगलां आमचां खाजन व्हतां," हे ती दरवेळी सांगते,
आज नाही सांगितलं.
पडद्याकडे एकदा बघून म्हणाली,
"बंद कर त्याला. शिला हाय तो.
ताजा तां भायेर हाय."

मग आम्ही खिडकीत बसलो, कान लावून.
तिला पायचीत कळत नाही, षटकं मोजता येत नाहीत,
पण खाडीकाठी साठ वर्षं काढलेली बाई,
पाणी चढतंय की ओसरतंय
तिला आवाजावरून समजतं.
"गेला वाटतं हातातून," ती म्हणायची,
आणि सात सेकंदांनी झेल सुटायचा.

शेवटी शेवटी एक शांतता आली.
इतकी, की खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला.
बेबीतायने हात वर केला. थांब.

आणि मग काचा थरथरल्या.
कुत्री, कबुतरं, कुणाच्या तरी गाडीचा अलार्म,
आणि तो आवाज, जो संपेचना.

मी वळून बघितलं. पडद्यावर ती पोरगी
अजून रनअपच्या टोकाला उभी.
केस मागे बांधत होती. ओठ कोरडे.
तिला काहीच माहीत नव्हतं.
मला तिला सांगावंसं वाटलं,
अगं, झालं. आता निवांत धाव.

ती धावली.
बेबीतायने पदर डोळ्यांना लावला, मग
बोंबलाचा वास लागला म्हणून स्वतःच हसली.

शलाका रात्री दोन वाजता आली.
गालावरचा झेंडा घामाने मानेपर्यंत उतरलेला,
डोक्यावर परक्याची टोपी, घसा पार गेलेला.
काय बघितलंस, विचारलं,
तर हातांनीच दाखवलं: भिंत. एवढी.
आणि दोन्ही मुठी वर.

सकाळी पार्किंगमध्ये
पाहुण्यांची जागा रिकामीच होती.
फळ्यापाशी पडलेला खडू घेऊन
ती टाच टेकवत मागे मागे मोजत गेली,
बारा, तेरा, चौदा,
आणि चौदाव्या पावलावर रेघ मारली.

कुलथे गॅलरीतून बघत होते.
मी वाट बघत राहिले, आता ओरडतील, मग ओरडतील.
ते खाली आले. सदऱ्याची बटणं उलटसुलट.
काही न बोलता
आपली स्कूटर हाताने ढकलत
रेघेच्या वाटेतून बाजूला घेतली.