चाळीस शब्द

वर्षाला चार अंक, माणशी चाळीस शब्द.
नियम कॉलेजचा आहे, माझा नाही.
मी नुसती चिटणीस, एक्क्याऐंशीच्या भूशास्त्रवाल्यांची.
एकोणीस होतो. सतरा पत्ते चालू आहेत.

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं फोडते,
इथला काळा रानतांदूळ निवडावा
तसे शब्द निवडते,
टरफल कुठलं नि दाणा कुठला,
चष्मा लावूनही नेहमी कळतंच असं नाही.

डेल्फिन मुशार. ह्यूस्टनच्या कंपनीत उपाध्यक्ष झाली, अखेर.
ते 'अखेर' मी काढून टाकलं.
रात्री दोनला उठून परत घातलं.

वेंडेल थोर्स्टॅड. नवा गुडघा, नवी बायको,
क्रम त्याचाच.
बासष्ट शब्द पाठवले होते,
त्यातले बावीस पहिल्या बायकोबद्दल.
हिशेब आपोआप जुळला.

लॉर्ना बिसोनेट तळ्याकाठच्या शाळेत
पोरांना दगड चाटायला शिकवते
(ओला झाला की दगड खरं बोलतो, आम्हालाही असंच शिकवलं होतं).
बढती नाही, बक्षीस नाही.
पाकिटात दरवेळी एक खडा,
आणि जादा टपालखर्च माझ्याकडून वसूल.

आणि ऑरिन हाऊगन.
पोस्टकार्ड. तीस वर्षं तेच वाक्य:
बोट अजून तरंगते आहे.
चार शब्द. उरलेले छत्तीस
मी गुपचूप डेल्फिनला द्यायचे,
तिला नेहमीच कमी पडायचे.

या हिवाळ्यात त्याचं कार्ड आलं नाही.
फोन केला, वाजत राहिला.
सरोवर काठापासून गोठत आत चाललं होतं,
छापखाना थांबायला तयार नव्हता,
आणि त्याच्या नावापुढची ती कोरी जागा
मला बघवेना.
लिहून टाकलं मीच:
बोट अजून तरंगते आहे.
आयुष्यभर दगडांचं वय सांगत आले,
कधी एका वर्षाचीही थाप मारली नव्हती.

मार्चअखेरीला पूल वर उचलला गेला,
पहिलं जहाज भोंगा देत आत आलं,
आणि त्याच संध्याकाळी फोन.
"आर्डिस, बोट मी सप्टेंबरातच विकली.
पाठीचं ऑपरेशन. मग कार्डावर लिहिणार काय?
आणि काल दारात ही तिघं.
वेंडेल काठी टेकत. लॉर्ना, खिसे खड्यांनी फुगलेले.
म्हणे, छापून आलंय, बोट दाखव."

मी म्हटलं, "तिसरं कोण?"

"डेल्फिन. विमानानं आली.
तिला काढलंय कंपनीनं, जानेवारीतच.
ते छापू नकोस."

"मग? काय दाखवलंस त्यांना?"

"शेड दाखवली. बोटीच्या जागी खुर्च्या टाकल्या.
तिघांच्या चार झाल्या, एक तुझी.
तू का नाही आलीस?"

उन्हाळी अंकाची पाकिटं यायला लागली आहेत.
माझ्या नावापुढे मी दरवेळी एकच शब्द टाकते: चिटणीस.
कुणी विचारत नाही. चिटणिसाला कोण विचारतो?
काल पेन्सिल घेऊन लिहून पाहिलं,
टेबलाजवळची दुसरी खुर्ची अजून तिथेच आहे.
मोजले. सहा.
खोडले नाहीत, पण पुढेही सरकता येईना.

मग लॉर्नाचा या वेळचा खडा उचलला,
दार लावलेलं आहे ना पाहिलं,
आणि जिभेला लावला.
लोखंड. थोडी माती.
आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव
परीक्षेत आलं होतं, मला येत होतं.