हरकती – एक

दोन हजार एकशे सत्तावीस सह्या
आम्ही नेऊन दिल्या महापालिकेत,
सुतळीनं बांधून, मिठाईच्या रिकाम्या खोक्यातून.
क्लार्कनं सुतळी सोडलीच नाही.
वरचा अर्ज तेवढा ओढून घेतला,
शिक्का मारला, पोचेवर लिहिलं:
हरकती – एक.

'अर्ज एक, तर हरकत एक,' म्हणाला.
माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद होता.

संध्याकाळी बागेत हे सांगितलं
तेव्हा घोषणा कुणीच दिली नाही.
माइकवाला शब्बीर वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.
कोरड्या कारंज्याच्या कठड्यावरच्या बायका
बघत राहिल्या पूर्वेकडच्या तुकड्याकडं,
जिथं पुढच्या महिन्यापासून
ताशी वीस रुपयांत गाड्या उभ्या राहायच्या होत्या.
मग केएमटीतनं रिटायर झालेले विलासतात्या पोवार
उठले, आणि भरलेल्या बसमध्ये ओरडायचे तसं ओरडले,
'एकेकानं या. सुट्टे घेऊन या!'

मी अर्जनवीस.
कोर्टाच्या दारात चौतीस वर्षं
लोकांच्या तोंडी घालत आलोय
'सबब विनंती की' आणि 'येणेप्रमाणे'.
गवतावर मांडी घातली, म्हटलं,
मजकूर मी सांगतो, तुम्ही उतरवून घ्या.

'तसलं नको,' द्वारका सातपुते म्हणाली.
'मी बोलते तसं लिव्हा.
चपलांचं पट्टं शिवून शिवून मान खालीच ऱ्हाती.
हितं आल्यावर मी झाडाकडं बघते.
वर बघायला मला दुसरी जागा न्हाई.'

कानाच्या पाकळ्या मोडलेले पैलवान हिंदुराव,
पेन धरून कुस्तीपेक्षा जास्त घामाघूम:
'तालमीत गेलो की पोरं पाया पडत्यात.
हितं मला कोण वळखत न्हाई. बरं वाटतंय.'

रेश्मा मुल्लाणीनं दोनच वाक्यं लिहिली,
'सायकल इथं शिकले. वय एकेचाळीस.'

दोन तालमींची पोरं,
परवाच्या मॅचला ज्यांचं प्रकरण दगडांवर गेलेलं,
एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होती.
पाठ हलली की अक्षर हलायचं,
मग शिवी, मग परत अक्षर.

गंगावेशीत दूध विकून सर्जेराव थेट आला, म्हशीसकट.
'हिची बी हरकत हाय का?' वॉचमननं विचारलं.
'हाय की. निस्ती सही जमत न्हाई तिला.'

आणि एक पोरगं, शाळेच्या शर्टावर शाईचा डाग,
माझ्या कानाशी येऊन म्हणालं,
'कारण नसलं तर चालतंय का?'
मी जरा विचार केला. चालतंय, म्हणालो.
त्यानं तेच लिहिलं.

नऊला फाटक बंद व्हायचं, दहा झाले.
वॉचमन शिट्टी तोंडात धरून
कुणाच्या तरी अर्जातलं शुद्धलेखन तपासत होता.

दुसऱ्या दिवशी आवक खिडकीपासून
जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत रांग.
क्लार्कनं दुपारपर्यंत दोनदा पॅडला शाई घातली.
मधे एकदा पेन ठेवून त्यानं
सायकलचा तो कागद पुन्हा वाचला,
मग आकडा टाकला: सहाशे बारा.

निकाल अजून नाही.
सुनावणीची तारीख पडली, पुढं गेली, परत पडली.
पूर्वेच्या तुकड्यात चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात,
पोरं त्यांच्यातच लंगडी खेळतात.

आणि एक कागद राहिलाय, माझा.
रोज येतो, मांडी घालतो.
'मी खाली सही करणार' इथवर
हात सवयीनं जातो, वळणदार.
'सबब' लिहितो
आणि त्याच्यापुढं आजवर
दुसऱ्यांचंच लिहीत आलो, हे आठवतं.

बाकाखाली मुंग्या कुरमुऱ्याचा दाणा ओढत असतात.
शब्बीर स्पीकर उचलता उचलता विचारतो,
'मामा, झालं का?'

थांब जरा, म्हणतो मी.
सुट्टे शोधतोय.