खोट्या गावातली म्हातारी

दर उन्हाळ्यात लष्कराची गाडी येते
आणि मला टेकडीपलीकडच्या गावात घेऊन जाते,
जिथे कुणीच राहत नाही.
प्लायवूडची घरं, पत्र्यावर रंगवलेली विहीर,
दुकानाच्या पाटीवर कुठल्याशा गरम देशाची अक्षरं.
मला ती वाचता येत नाहीत. त्यांनाही नाही.

माझं काम रडायचं.
पैसे रोख, दुपारचं जेवण वेगळं.
पिठाची पिशवी चादरीत गुंडाळून कडेवर देतात,
ते माझं नातवंड.
नाक्यावर जायचं, पोरगेल्या लेफ्टनंटाची बाही धरायची,
म्हणायचं, पाणी द्या, मूल आजारी आहे.
मग त्याने काय करायचं ते त्याच्या वहीत असतं.

नऊ उन्हाळे झाले.
आता मी तोंडं बघत नाही, हात बघते.
पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात बंदुकीला लुचलेले,
शिंगरू आईला लुचतं तसे.
तिसऱ्या आठवड्यात काहींचे सुटतात.
काहींचे सुटत नाहीत,
गुण मात्र त्यांनाही चांगले पडतात.

सोद्नोम म्हणून एक होता,
आजोबाचं नाव लावलेला, रणगाड्यांवरून आलेला,
कान हेल्मेटमध्ये मावत नव्हते.
त्या पहाटे माझी तांबडी घोडी मेली होती.
नाक्यावर पोचले आणि पाणी मागायचं विसरले.
म्हटलं, घोडी गेली रे.

त्याने वही चाळली नाही.
म्हणाला, किती वर्षांची होती?

तेवढ्यात मागच्या बाजूने बंडखोर आत शिरले,
म्हणजे छावणीतले स्वयंपाकी, खांद्याला लाकडी बंदुका.
मेजर झोरिग्तने शिट्टी फुंकली :
तुझी सगळी तुकडी मेली!
बारा जवान मुकाट्याने गवतावर आडवे झाले.
एका मेलेल्याला हसू आवरेना.
आणि हा तसाच उभा,
उत्तराची वाट बघत.

सोळा, मी म्हटलं.

दीड वर्षाने गेरच्या दारात आला,
खडीसाखरेचा पुडा घेऊन.
काळवंडला होता. खारट चहा दोन वाडगे प्यायला.
तिकडचं फारसं बोलला नाही.
एवढंच की तिथेही एकीने बाही धरली,
कडेवरचं मूल खरं होतं.
मी काहीतरी विचारलं, म्हणाला, तिला भाषा कळली नाही,
पण बाही सोडली तिने.

मागून कुणी आलं का रे?
तो वाडग्यात बघत राहिला.
त्या दिवशी नाही.

आता परत रणगाड्यांवर आहे.
बाकीचे तीन सेकंदांत गोळा सोडतात, याला पाच लागतात.
वरच्याने शेऱ्यात लिहिलंय : विचार फार करतो.
म्हणाला, आजी, त्या दोन सेकंदांत
मी बघतो आत कोण आहे.
साहेब म्हणतात, आत पुठ्ठा आहे.

मग चहा संपवून म्हणाला,
त्या तीन आठवड्यांनी मला घडवलं की बिघडवलं?

मी भाड्याने रडणारी बाई.
मला काय विचारतोस, म्हटलं,
आणि शेगडीत शेणाची आणखी एक खांड सारली.
तो बराच वेळ बसला. मग कुत्र्यांना हाकलत
गाडीपर्यंत सोडायला गेले.

या उन्हाळ्यात गाडी आली, नवी पोरं आली.
मेजरसाहेबांनी कागद बदललाय.
पाणी मागायचं नाही आता.
म्हणायचं, घोडी गेली.
वहीत पुढची ओळ छापलेली आहे : वय विचारावे, मागे लक्ष ठेवावे.

सगळे विचारतात, किती वर्षांची होती?
डोळे माझ्या खांद्यावरून मागे, स्वयंपाक्यांवर.
अजून एकही तुकडी मेली नाही.

सोळा, मी म्हणते.
तोवर त्याने पुढच्या गाडीला हात केलेला असतो.