नारिनचं संग्रहालय

बुरुलचाबाई एकेका दालनाचा दिवा लावतात,
आपण पुढं सरकलो की मागचा मालवतात.
वीज महाग. म्हणून हिमबिबट्या
दिवसातून चार-पाच वेळाच उजेडात येतो:
एका कानाला कसर लागलेली,
डावा डोळा घारा, उजवा कुठल्याशा कोल्ह्याचा.

तेमिरलानला तोच पुन्हा बघायचाय.
आजोबा मात्र वरच्या मजल्यावर अडकलेत,
पाळण्यापाशी.
डोंगरी आर्चाचं लाकूड, लाल रंगाचे पोपडे,
खाली टंकलेली चिठ्ठी:
‘एकोणिसावं शतक. कारागीर अज्ञात.’

"अज्ञात कसला," आजोबा म्हणतात,
"आमचा असानाली सुतार. एका मेंढीच्या बदल्यात केलेला,
आणि मेंढी लंगडी निघाली म्हणून
मरेपर्यंत कुरकुरत होता."
दोरीखालून हात घालून ते
आडव्या दांडीवर काहीतरी चाचपतात.
"हे दात माझे."

बुरुलचाबाई चष्मा पुसतात.
वस्तूंना हात लावू नये, ही पाटी त्यांनीच लिहिलेली.
त्या खिडकीबाहेर बघतात, नदीकडे,
जरा जास्तच वेळ.

मग बटण. खट्.
जिना उतरताना तेमिरलान विचारतो,
अंधारात बिबट्या काय करतो?
आजोबांची जीभ अजून
उरलेल्या तीन दातांवरून फिरतेय.