खोडरबर

मंगळवारी माझी गाडी टायवी नदीच्या काठाने वर चढते.
तीन हजार पुस्तकं, एक हीटर,
आणि प्रत्येक वळणावर हमखास सांडणारा बागकामाचा कप्पा.
पाचव्या थांब्यावर, दूधकेंद्राच्या भिंतीला टेकून
मेरेरिड उभी असते गमबुटांत.
विचारते, "आला का तो?"

तो म्हणजे वादळांचा सरदार मोरव्हान.
चार खंड झाले, अजून एकाही शिंप्याचे पैसे चुकते केलेले नाहीत.
गालावर व्रण. पहिल्या खंडात तो ड्रॅगनच्या नखाचा,
दुसऱ्यात भावाच्या तलवारीचा,
तिसऱ्यात तो म्हणतो, विचारू नकोस,
आणि खिडकीकडे वळतो, उजेड बरोबर पडेल असा.
चौथ्यात कळतं, लहानपणी मांजराने ओरबाडलं होतं.
राज्य बुडत असताना हा बुरुजावर रुसून बसतो,
कारण तिने नव्या झग्याकडे पाहिलं नाही.
सर्दी झाली की मृत्युपत्र लिहायला घेतो.
आणि तरी, दोनशे बाराव्या पानावर,
सगळे झोपलेत असं समजून
तो मुदपाकखान्यात उतरतो, म्हाताऱ्या आंधळ्या कुत्रीला
दुधात भिजवलेला पाव भरवतो, बोटं चाटू देतो.
त्या पानाचा कोपरा इतक्या जणींनी दुमडलाय
की आता कापडासारखा मऊ लागतो.

मेरेरिडचा नवरा इड्वल. मेंढ्या, कुंपणं,
बोलणं हवामानापुरतं, तेही वर्तमानपत्रापेक्षा कमी.
अठ्ठावीस वर्षांत त्याने एकदाही दार आपटलं नाही.
"एकदा आपटावं की," मी शिक्का मारताना ती म्हणाली होती,
"आत कुणी आहे एवढं तरी कळेल."
मी हसले.
तिने पुस्तक पिशवीत घातलं.

फेब्रुवारीत तिसरा खंड परत आला तो समासात पेन्सिल घेऊन.
बारीक, दाबून काढलेली अक्षरं,
मेंढ्यांच्या कानांतले नंबर वहीत उतरवावेत तशी:
एका रात्रीत चाळीस मैल? घोडा मेला असता.
पुढे: खोगीर ओलंच ठेवलं. गाढव.
पुढे: हिला आधी सांगायला हवं होतं.
मग साठ पानं कोरी,
एका पानावर चहाच्या कपाचा अर्धा गोल.
आणि जिथे मोरव्हान गुडघ्यांवर येतो,
पावसात, पावसातच, आणखी कुठे येणार तो,
आणि म्हणतो, मी वाईट माणूस आहे, तरी तू थांब,
तिथे:
असं म्हणायला जमत नाही.
त्याखाली, बऱ्याच वेळाने लिहिल्यासारखं, फिकट:
सगळ्यांना.

नियम असा की पेन्सिल असेल तर खोडायची.
खणात खोडरबर आहे, कौंटीने दिलेलं, सहीनिशी.
मी चाळीस मैल खोडले.
खोगीर खोडलं.
गाढव खोडताना कागद थोडा चुरगळला.
मग रबर खाली ठेवलं आणि हीटरची वात
उगीचच वरखाली करत बसले.

पुढच्या मंगळवारी म्हटलं, पाचवा आलेला नाही,
लेखिकेने पुन्हा तारीख ढकलली.
तिसरा नेता का परत?
"वाचलाय की."
तरी न्या.
तिने माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाईक खोट्या नाण्याकडे पाहतं तसं,
पण पुस्तक नेलं.

तीन आठवडे थांब्यावर कुणी आलं नाही.
चौथ्या मंगळवारी भिंतीला टेकून इड्वल होता,
काखेत तिसरा खंड, अंगठ्याला पट्टी.
पायऱ्या चढताना बूट दोनदा पुसले.
"पाचवा कधी?"
माहीत नाही, म्हटलं.
त्याने मान हलवली, बराच वेळ कप्प्यांकडे बघितलं,
जणू गुरांच्या बाजारात उभा आहे.
"त्यात घोडा," तो म्हणाला, "मरत तर नाही ना?"
तेही मला माहीत नव्हतं.

पुस्तक मी उघडलं नाही. तो गेल्यावर उघडेन म्हटलं.
पण तो जाईना. हीटरपाशी उभा राहिला,
टोपी हातात गोल फिरवत,
खिडकीकडे तोंड करून,
जिथे उजेड बरोबर पडतो.