लाभ, दोन, तीन

दिवसभर डाळमिलच्या काट्याशेजारी
मी कट्ट्यांची वजनं टिपते.
तूर, हरभरा, ट्रकचा नंबर, रिकाम्या गाडीचं वजन वजा.
कीबोर्डाच्या फटींत टरफलं जातात.
शनिवारी तो उलटा आपटला की
चिमूटभर चुरी निघते.

उदगीरला नळाचा दिवस असला
की रात्री तशीही झोप नाही.
कान नळाकडे, हात मोकळे.
तेव्हा हे सुरू केलं.
एक राखाडी खिडकी,
तीत तीन बटणं: वाजव, थांब, पुढचं.
मागचं ठेवलंच नाही.
आधी जमलं नाही म्हणून,
आणि जमल्यावर, नको वाटलं म्हणून.

प्रणित म्हणाला, "मावशी, कामून करायलीस?
प्लेअर ढिगानं पडलेत, फुकट."
पडलेत.
दुकानात शेवयाही मिळतात, तरी त्याची आई
उन्हाळ्यात पाट मांडून बसतेच.
हे त्याला सांगितलं नाही.
म्हणाला असता, शेवया खाता तरी येतात.

गाणी ख्वाजामियाँची.
चौबाऱ्याजवळ त्यांचं कॅसेटचं दुकान होतं,
आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.
दुकान मोडायच्या आधी त्यांनी एकेक कॅसेट
संगणकात उतरवून घेतली. दोन वर्षं लागली.
डिस्क माझ्या हातात देताना म्हणाले,
"संभालो. मेरे कने बजाने कू मशीनिच नै अब."

सहाशे तेरा फायली.
कन्नड भजनं, कव्वाल्या, लग्नातले बँड,
एक तेलुगू नाटक, अर्धंच,
कुणाच्या तरी बारशातला गलका.
उर्दू नावांच्या जागी माझ्या खिडकीत
नुसते चौकोन उमटले,
ओळीनं, शहाबादी फरशीसारखे.
ती फरशी उचकटण्यात अकरा रात्री गेल्या.
मग एकदा अलिफ उभा राहिला
आणि त्याच्यामागं, उजवीकडून डावीकडे, सगळे.
मला वाचता येत नाही ते.
तरी बघत बसले.

वाजू लागला प्लेअर.
यादी संपली की पुन्हा वरून.
मिलमध्ये दुपारच्या सुट्टीत लावला,
शिवमूर्तप्पा हमाल कट्ट्यांना पाठ टेकून ऐकायचे.
चौथ्या दिवशी तेच बोलले:
"ताई, सगळ्यात वरचं कामून वाजंना?
निळी पट्टी दुसऱ्यापसूनच धरायली."

पाहिलं. खरंच.
मशीन शून्यापासून मोजतं
आणि मी लिहिलं होतं, एकपासून चालू कर.
माझा एक म्हणजे पहिलं,
त्याचा एक म्हणजे दुसरं.
समजावून सांगितलं तर शिवमूर्तप्पा हसले नाहीत.
"अडतीवर आमी तरी पयल्या मापाला
एक कुठं म्हणतो? लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन.
तुमचा लाभच ऱ्हायला की मोजायचा."

रात्री एकच आकडा खोडला.
एकच्या जागी शून्य.
वाजव.

आधी खरखर.
मग माइकवर फुंकर, दोनदा.
मागं सायकलची घंटा, कुणीतरी दोन कट चहा सांगतंय,
आणि ख्वाजामियाँचा आवाज,
मी कधी न ऐकलेल्या वयातला:
"हॅलो. चेक. एक. दो.
सुनाई देरा क्या?"

एवढंच. नऊ सेकंद.
लगेच दुसरं सुरू झालं, कुठलासा बँड,
सनई जराशी बेसूर.
पुन्हा ऐकावं म्हणून हात पुढं गेला
आणि मागचं बटण नव्हतं.
आता सहाशे बारा वाजून झाली
की आपोआप येईल.

बाहेर नळ येऊन गेला होता.
मोटार लावायची राहिली.